कोणी, काय, कोणाला, कोणाच्या ऑर्डरने

पस्तिशी गाठायच्या आत कोणी आठवणी लिहायला बसलं की लोक संशयाने बघतात. बघू देत. मी आजवर जे काही लिहिलं ते पत्रकांत लिहिलं, आणि पत्रकाला एकच पान असतं. वर मागणी, मध्ये मुद्दे, खाली कुठे जमायचं ती जागा, संपलं. त्यात मम्मीच्या तव्याचा आवाज मावत नाही. डेपोतून आलेल्या पप्पांच्या हाताचा वास मावत नाही. आणि मला जर्मन कशी आली, येऊन तिचं काय झालं, हे तर अजिबात मावत नाही. कारण ते लिहायला घेतलं की पहिल्या ओळीतच माझी शिवी जाते आणि पत्रकात शिवी चालत नाही, असा आमच्या नर्सेसच्या संघटनेचा नियम आहे. तो नियम मीच केलाय. इथेही पाळते. पण गोड बोलेन असं कोणी समजू नये.

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत आमची खोली. दोन भाग, मध्ये पडदा, पलीकडे शेजारच्यांचा मिक्सर, जो आमच्याच भिंतीत बसवलाय असं वाटावं इतका जवळ. सकाळी नळाला पाणी आलं की आधी पाइप खोकायचा, मग बादल्या, मग मम्मीची भाकरी थापायची थपथप, आणि रविवारी त्या सगळ्याच्या वर विहारातली बुद्धवंदना. मम्मी तव्यावर सुकट भाजायला घेई तेव्हा चाळीतला प्रत्येक जण शिंकायचा आणि प्रत्येक जण वाटी घेऊन दारात यायचा. माझ्या नर्सिंगच्या पहिल्या पगारात आम्ही फ्रिज घेतला तर मम्मीने त्यात पहिल्या दिवशी फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवल्या; जेवण त्यात ठेवलं की मरतं म्हणाली.

पप्पा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्याकडून आमच्या घरात एक चाल आलेली. डेपोत पान्हा हवा असेल तर स्टोअरच्या खिडकीत आपला नंबर घातलेला पितळी बिल्ला द्यायचा. बिल्ला खिळ्याला अडकवला जाणार, मगच पान्हा हातात. पान्हा परत, बिल्ला परत. साहेब असो की हेल्पर, बिल्ल्याशिवाय स्टोअरकीपर साधा स्क्रूड्रायव्हर द्यायचा नाही. पप्पांनी हे घरीही चालवलं. शेजारचे सावंत काका शिडी मागायला आले की पप्पा म्हणायचे, "न्या ना. एक चप्पल ठेवून जा." सावंत काका एका पायात चप्पल घालून शिडी उचलत पॅसेजमधून जायचे आणि सगळी चाळ हसायची. हसायची, पण आमची शिडी कधी हरवली नाही.

हे सांगतेय कारण त्याच माणसाने माझी अख्खी फाईल एका बाईंच्या हातात दिली आणि बदल्यात कागदाचा चिटोराही मागितला नाही.

शीळफाट्याच्या रस्त्यावरच्या एका खासगी हॉस्पिटलात मी वॉर्डला होते. तिथे पगार वेळेवर नाही, आणि शिफ्ट संपली तरी बदलीची नर्स येईपर्यंत हलायचं नाही. जर्मनीत नर्स हव्यात, भाषा शिकली की नेतात, हे तेव्हा प्रत्येक वॉर्डात कुजबुजलं जात होतं. डोंबिवलीला एका पोळी-भाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर वसुधा मॅडमचा क्लास होता. क्लासही त्यांचाच आणि पाठवणारी एजन्सीही त्यांचीच. पन्नाशीच्या पुढच्या, स्टार्चच्या कॉटन साड्या, बोलणं इतकं स्वच्छ की समोरच्याला आपण कालची भाजी बोलतोय असं वाटावं. प्रवेशाच्या दिवशी पप्पा सुट्टी टाकून माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. मॅडमनी माझी फाईल चाळली: दहावी-बारावी, नर्सिंगच्या मार्कशीटा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं ओरिजिनल. "हे आमच्याकडे सुरक्षित राहील," त्या म्हणाल्या. "मुली मध्येच सोडून जातात हो. मग तिकडच्या लोकांपुढे आमची मान खाली जाते."

मी पप्पांकडे बघितलं. मला वाटलं आता ते चप्पल मागतील. पप्पांनी हात जोडले. "तुम्ही शिकवणाऱ्या बाई," ते म्हणाले, "तुमच्याकडे ठेवायचं नाही तर कोणाकडे?"

जिन्यावरून उतरताना मी बोलले, "पप्पा, पावती?"

"येडी आहेस काय? मास्तरीणबाईंना पावती मागतात?"

यावर मी पुढे पुष्कळ विचार केलाय. आमच्या आजोबांना शाळेच्या पडवीत बसवायचे. त्यामुळे आमच्या घरात शिकणं म्हणजे देव नाही, देवाला आम्ही मानत नाही. पण देवाच्या जागी जे काही असतं ते शिकणं. आणि शिकवणारा म्हणजे त्याचा पुजारी, असं कोणी बोलून दाखवलं नाही तरी पप्पांच्या हातांना ते माहीत होतं. स्टोअरकीपरवर विश्वास नाही, सख्ख्या शेजाऱ्यावर नाही, पण खडू धरणाऱ्या हातावर डोळे मिटून. ही चूक आमच्यासारख्यांच्याच घरात होते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मास्तर होऊन गेलेत ते मास्तरांना पावती मागतात. त्यांना माहीत असतं मास्तर काय चीज असते.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "दहावीला संस्कृत कोणाकोणाचं होतं?" हात वर झाले ते पुढच्या बाकांवर. "छान. तुम्हाला सोपं जाईल. जर्मन आणि संस्कृत बहिणी-बहिणी. बाकीच्यांनी जरा कष्ट घ्यायला हवेत." बाकीच्या म्हणजे आम्ही. कोणी ठरवलं नाही, पण आठवड्याभरात क्लास आपोआप दोन झाला. पुढे संस्कृत, मागे आम्ही. मागच्या बाकावर माझ्या शेजारी मनाली बसायची. कोलशेतची, आगरी, खाडीच्या काठची पोरगी. तिच्या भावाच्या लग्नाचे फोटो ती मोबाइलवर इतके दाखवायची की तिचं सगळं भावकीतलं गणगोत मला तोंडपाठ झालं होतं. डब्यात तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं सुकं, कधी खाडीतल्या निवट्यांचं कालवण. डबा उघडला की पुढच्या बाकावरून एक खिडकी उघडली जायची. मनाली म्हणायची, "उघड बाय, उघड. जर्मनीत तं खिडकी पन उघडता येनार नाय, थंडीन मरशील."

मग विभक्तीचा दिवस आला. जे जर्मन शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मराठीत शब्दाच्या शेपटीला ने, ला, चा लागतं आणि कोण काय करतंय ते कळतं. जर्मनमध्ये शेपटी बहुतेक तशीच राहते, शब्दाच्या पुढे चालणारा छोटा शब्द बदलतो. डॉक्टर करणारा असेल तर 'डेर', डॉक्टरवरच काही केलं तर 'डेन', डॉक्टरला काही दिलं तर 'डेम', डॉक्टरचं काही असेल तर 'डेस'. हे चार. कागदावर चारच. पण तोंडातून वाक्य निघताना हे चार शब्द पायात पाय घालतात. मॅडमनी फळ्यावर तक्ता काढला आणि 'देवः देवम् देवेन देवाय' म्हणून दाखवलं. पुढचे बाक माना डोलवत होते. आमच्या बाकावर पेनं थांबलेली. मनालीला उभं केलं. ती घाबरून बोलली, "मॅडम, मना नाय समजला."

"'मना' म्हणजे काय गं?" मॅडम हसून म्हणाल्या. "आधी मराठीतली चतुर्थी तरी नीट करा."

पुढचे बाक हसले. फार मोठ्याने नाही. सुसंस्कृत हसले. मनाली बसली, आणि डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिली. आज मला कोणी विचारलं की तुझ्यातली कार्यकर्ती कधी जन्मली, तर लोकांना वाटतं मी मोर्चाचं नाव सांगेन. मी त्या झाकणाचं सांगते.

पुढच्या रविवारी मनाली आमच्या घरी आली. मम्मीने तिच्यासाठी बोंबलाची चटणी केलेली. आम्ही खाली बसून तक्ता पुढ्यात घेतला. खरा गुंता कुठे होता ते सांगते, कारण तो मॅडमना कधी दिसलाच नाही. मराठीत 'पेशंटला उचललं' आणि 'पेशंटला गोळी दिली', दोन्हीकडे 'ला'. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी 'डेन', दुसऱ्या ठिकाणी 'डेम'. आमची 'ला' दोन्ही कामं करते, त्यांच्याकडे दोन वेगळी माणसं ठेवलीत. मग कधी कोणाला बोलवायचं? आम्ही भांडलो, चुकलो, चटणी संपली. मनाली वैतागून म्हणाली, "गो, पेशंटचा काय झाला ता सांग ना सरल. ओव्हर देतंय तसा सांग."

ओव्हर म्हणजे शिफ्ट बदलताना एक नर्स दुसरीला वॉर्ड सोपवते ते. ते कसंही चालत नाही. पहिल्या दिवशी सिस्टर आम्हाला ओरडून ओरडून शिकवतात: कोणी दिलं, काय दिलं, कोणाला दिलं, कोणाच्या ऑर्डरने दिलं. यातलं एक राहिलं तर पुढची नर्स तेच इंजेक्शन पुन्हा देऊ शकते आणि माणूस जाऊ शकतो. हे चार प्रश्न आम्ही झोपेतही विचारतो. मी मनालीकडे बघितलं. कोणी, काय, कोणाला, कोणाच्या. चार प्रश्न, चार विभक्ती. तक्ता आमच्या वॉर्डात केव्हाचा टांगलेला होता.

मग धडाधड सुटत गेलं. पेशंटला कुशीवर वळवलं, उठवलं, उचललं, म्हणजे हात पेशंटवरच पडला. तो 'काय'च्या खणात. 'डेन'. पेशंटला गोळी दिली, पाणी दिलं, म्हणजे हातातली वस्तू वेगळी, पेशंट घेणारा. तो 'कोणाला'च्या खणात. 'डेम'. मनालीने विचारलं, "आनि मदत केली तं? पुस्तकात 'डेम' लिवलाय. हात तं पेशंटवरच हाय." आम्ही दोघी अडकलो. मग मी बोलले, मदत ही पण द्यायची वस्तू आहे बहुतेक. ते लोक मदत करत नाहीत, मदत देतात. आभार देतात, उत्तर देतात. पुस्तकात पाहिलं, तसंच निघालं. मनाली उडीच मारायची बाकी होती. मम्मी पडद्यापलीकडून म्हणाली, "जर्मनी आली का? आली असेल तर भांडी उचला."

त्या दुपारचा आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो आणि त्याचाच सर्वांत जास्त राग येतो. कारण तो आनंद खरा होता, आणि तोच माझ्या गळ्याशी आला.

क्लासआधी पोळी-भाजी केंद्राच्या जिन्यावर मी मागच्या बाकांना ओव्हर पद्धतीने विभक्ती शिकवू लागले. खालून पोळ्यांची वाफ, वर आम्ही पायऱ्यांवर. "बेड चार. कोणी?" "डी श्वेस्टर." "काय?" "डी टाब्लेटे." "कोणाला?" "डेम पात्सिएन्टेन." "कोणाच्या ऑर्डरने?" "डेस आर्ट्सटेस." सगळ्या वॉर्डातून आलेल्या मुली, त्यांना संस्कृत नव्हतं, पण चुकलं की काय होतं हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पोळ्या लाटणाऱ्या मावशी खालून ओरडायच्या, "काय गं, पेशंट वाचला का?" महिन्याच्या परीक्षेत मागचे बाक पुढच्यांच्या पुढे गेले. मॅडमनी पेपर दोनदा तपासले. मग मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं शाबासकी. शाबासकीच होती.

"तुझ्यात शिकवायची कला आहे, करुणा. पुढच्या बाकांनाही तुझ्या त्या... हॉस्पिटलच्या पद्धतीने सांग. नव्या बॅचलाही. तू माझी असिस्टंट."

"आणि माझा इंटरव्ह्यू, मॅडम?"

"पुढच्या बॅचला नक्की. तुला काय घाई? तुझं तर पक्कंच आहे."

घरी पेढे वाटले. असिस्टंट. पप्पांनी डेपोत सांगितलं, पोरगी मास्तरीण झाली. हॉस्पिटल सोडलं, कारण क्लास आता दिवसभर. मानधन म्हणून रिक्षाभाडं निघेल एवढं. आणि माझ्या हाताखालून मुली जाऊ लागल्या. पुढच्या बाकावरच्या, संस्कृतवाल्या, ज्यांना मी 'डेन' आणि 'डेम' यांतला फरक कुशीवर वळवून वळवून शिकवला, त्या माझ्या आधी गेल्या. एअरपोर्टवरून फोटो टाकायच्या, खाली लिहायच्या, 'थँक यू करुणाताई.' जाणाऱ्या मुलींत मागच्या बाकावरची क्वचित असायची; मॅडमच्या मते आमचे उच्चार अजून 'बसायचे' होते. पुढच्या बॅचला नक्की. मग त्याच्या पुढच्या. मी दुसरीकडे अर्ज करायचं ठरवलं तर पहिला प्रश्न, ओरिजिनल दाखवा. ओरिजिनल मॅडमच्या लोखंडी कपाटात. मागितले तर मॅडम दुखावल्यासारख्या बघायच्या. "माझ्यावर विश्वास नाही का?" या प्रश्नाला आमच्या घरात कोणी उत्तर शोधून ठेवलेलं नव्हतं. पप्पांना सांगितलं तर ते म्हणायचे, "बाई आहेत ना. देतील."

मी जर्मन न येणारी मुलगी असते तर गेले असते. हे मी भाषणातही सांगते आणि लोक हसतात. हसण्यासारखं काही नाही त्यात.

मग तिकडून एक बाई येणार असं ठरलं. वृद्धाश्रमांची मोठी साखळी, तिथल्या भरतीप्रमुख, स्वतः मुली बघणार, निवडणार. मनालीचं नाव मुलाखतीच्या यादीत आलं होतं. तिच्याशिवाय मागच्या बाकांवर कोणी उरलंच नव्हतं, बाकीच्या वाट बघून सोडून गेलेल्या. माझं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "तू तर घरचीच." स्वागताची तयारी अशी की लग्नघर वाटावं. पुढच्या बाकाच्या मुली नऊवारीत, गजरे, औक्षणाचं ताट, दारात रांगोळीत दोन्ही देशांचे झेंडे. त्या उंच बाई आल्या, वाकून आत शिरल्या, डोक्यावर अक्षता पडल्यावर दचकल्या आणि हसल्या. पुरणपोळी खालून आली. मला दारापाशी उभं केलेलं, छातीवर 'असिस्टंट' असा बिल्ला. बिल्ला. मी त्याच्याकडे बघत राहिले. डेपोत बिल्ला दिला की पान्हा मिळतो. इथे बिल्ला माझ्या छातीवर होता आणि माझं सगळं कपाटात.

मुलाखती झाल्या. मनाली छान बोलली. आजोबांना अंघोळ घालायची, आजोबांना औषध द्यायचं, 'डेन'च्या जागी 'डेन', 'डेम'च्या जागी 'डेम'. मी दारातून ओठ हलवत होते. शेवटी पाहुण्या बाई पुरणपोळीचा तुकडा हातात घेऊन माझ्याकडे वळल्या आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, या मुलींना व्याकरण तुम्ही शिकवता असं ऐकलं. मग तुम्ही का येत नाही आमच्याकडे?

मॅडम हसत पुढे येऊ लागल्या. मला कळलं की त्या पोचायच्या आत माझ्याकडे एक वाक्य आहे. मी ते किती दिवस मनात घडवत होते कोण जाणे. जिन्यावर, भांडी घासताना, शीळफाट्यावर अडकलेल्या बसमध्ये. मी म्हणाले: "डी लाइटरिन डीझर शूले गिब्ट मिअर माइने ओरिगिनाल-त्सॉइग्निसे निख्ट त्सुरूक." या शाळेच्या संचालिका मला माझी मूळ प्रमाणपत्रं परत देत नाहीत. कोणी, काय, कोणाला, कोणाच्या. एकही खण रिकामा नाही. असा ओव्हर दिला असता तर वॉर्डातली नवी पोरगीही धावली असती.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मॅडम मध्ये आल्या, सुरेख जर्मनमध्ये म्हणाल्या की ही आमची सर्वांत हुशार मुलगी आहे, कागदपत्रं तिच्याच सुरक्षिततेसाठी आमच्याकडे असतात, इकडे घरं लहान, पावसात भिजतात. बाईंनी मान हलवली. तुकडा तोंडात टाकला. मग माझ्या दंडाला हलकेच हात लावून, अगदी मनापासून, म्हणाल्या, "ईरे ग्रामाटिक इस्ट झेअर गूट."

तुमचं व्याकरण फार छान आहे.

एवढंच. मग त्या मॅडमकडे वळून म्हणाल्या की पुढच्या बॅचलाही हीच शिकवणार असेल तर उत्तम. नऊवारीतल्या कोणीतरी टाळी वाजवली. त्यांना वाटलं माझं कौतुक झालं, आणि झालंच होतं. मनाली मान खाली घालून बसलेली. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर तिला उठावं लागलं असतं. मी तो बिल्ला काढून औक्षणाच्या ताटात ठेवला आणि जिना उतरले. खालच्या मावशींनी विचारलं, "पेशंट वाचला का गं?"

तिथून पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते पत्रकांत छापून झालंय. पहिलं पत्रक मी घरी जमिनीवर बसून लिहिलं. मला पत्रक कसं लिहितात माहीत नव्हतं, म्हणून ओव्हर लिहिला. तुमची प्रमाणपत्रं कोणी घेतली? काय काय घेतलं? कोणाला पावती मिळाली? कोणाच्या ऑर्डरने घेतली? खाली माझा नंबर. झेरॉक्स काढून शिफ्ट बदलायच्या वेळी कल्याण-डोंबिवलीतल्या हॉस्पिटलांच्या गेटवर वाटलं. फोन येऊ लागले. मॅडमच्या जुन्या बॅचच्या मुली, ज्या मध्येच सुटल्या होत्या आणि घरी बसल्या होत्या. कोणाचं लग्न लावून दिलेलं, कोणी मेडिकलच्या दुकानात गोळ्या विकत होती, सगळ्यांचे कागद त्याच लोखंडी कपाटात. आम्ही सगळ्या मिळून दोनदा त्या जिन्यावर बसलो. आवाज नाही, घोषणा नाही, नुसतं बसलो. पोळी-भाजीचं गिऱ्हाईक अडलं आणि मालकाने वर जाऊन तोंड सोडलं. तेव्हा मॅडमचा पप्पांना फोन आला. मला नाही, पप्पांना. मुलीला घेऊन या, फाईल घेऊन जा. बाकीच्यांच्या घरीही असेच फोन गेले.

पप्पा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले. केबिनमध्ये मॅडमनी फाईल टेबलावर ठेवली. मी एकेक कागद मोजून बघितला. सगळं होतं. मग मॅडमनी एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. पावती. मला माझी सर्व मूळ प्रमाणपत्रे सुस्थितीत परत मिळाली असून माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. खाली रेघ, सही करायला.

"देताना पावती नव्हती, मॅडम," मी बोलले.

"देताना विश्वास होता," मॅडम म्हणाल्या.

मी कागद पुन्हा वाचला. परत मिळाली. कोणी घेतली होती, ते नाही. कोणाच्या ऑर्डरने, ते नाही. वॉर्डात असा ओव्हर कोणी दिला असता तर सिस्टरनी कागद तोंडावर फेकला असता. मी शेवटचा अर्धा भाग, तक्रार नाही तो, पेनाने खोडला आणि वर लिहिलं, वसुधा मॅडम यांनी ठेवून घेतलेली. मग सही केली. मॅडमनी खोडलेलं बघितलं, ओठ आवळले, आणि ती पावती नीट घडी करून कपाटात ठेवली, जिथे माझी फाईल होती त्याच खणात.

मनाली त्याच वर्षी गेली. आता ती तिकडे एका वृद्धाश्रमात आहे. कधीतरी व्हॉइस नोट पाठवते, मागे ट्रॉलीची चाकं वाजत असतात. एकदा म्हणाली, "बाय, तेवा मना उठाया पायजे होता. माजा पाय उठलाच नाय." मी तिला म्हणाले, उठली असतीस तर आज दोघी इथे सुकट खात बसलो असतो. ती हसली नाही. मी ती नोट पुसलेली नाही. मी गेले नाही, कारण मोकळी झाले तोवर मला जायचंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ज्या माणसांना माझं वाक्य ऐकून व्याकरण ऐकू आलं, त्यांच्या आजीला मी कुशीवर वळवायला का जावं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. माझ्याकडे आता क्लास नाही. पण आमच्या संघटनेच्या ऑफिसात कोणी परदेशी जाणारी मुलगी आली, विभक्ती अडली म्हणाली, तर मी तिला शिकवते. आधी विचारते, ओरिजिनल कोणाकडे आहेत.

त्या दिवशी फाईल छातीशी धरून मी केबिनच्या दारापर्यंत आले. मागे बघितलं तर पप्पा अजून टेबलापाशीच उभे. मला वाटलं आता बोलतील. डेपोत ज्यांच्या आवाजाला हेल्पर दचकायचे तो माणूस, शेजाऱ्याची चप्पल ठेवून घेणारा माणूस, आता तरी काहीतरी बोलेल. पप्पांनी मॅडमकडे बघितलं, आणि हात जोडले. सवयीने. मॅडमनी मान हलवून तो नमस्कार घेतला, जसा दरवेळी घ्यायच्या.

जिन्यात ते माझ्या पुढे होते. खाली उतरल्यावर माझ्या हातातली फाईल त्यांनी मागून घेतली, शर्टाचं वरचं बटण काढून आत सरकवली, आणि पूर्ण रस्ताभर, रिक्षात, चाळीच्या पॅसेजमध्ये, वरून हात दाबून धरला. ते जोडलेले हात आठवले की आजही माझ्या डोक्यात रक्त चढतं. पप्पांवर नाही.